वाचकांचे प्रश्न : तंत्रज्ञानावरचा खर्च आणि त्याचा खरा हिशेब

या वेळी नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. व्यवसाय वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच आहे : समोर आलेल्या प्रस्तावावर पैसे घालावेत की नाही, आणि हे ठरवायचे कशाच्या आधारावर? पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातली रीत पुढच्या पत्रांनाही लागू पडते.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. कामगार ३०, वार्षिक उलाढाल सुमारे ६ कोटी रुपये, आणि गोदामात सरासरी ८० लाखांचा माल असतो. एका विक्रेत्याने ईआरपी प्रणालीसाठी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) साडेआठ लाखांचा प्रस्ताव दिला आहे. त्यात ६ लाख परवान्याचे आणि अडीच लाख प्रणाली बसवून देण्याचे आहेत. दुसऱ्या वर्षापासून परवान्याच्या १८ टक्के इतका देखभालीचा खर्च वेगळा. साठा २० टक्क्यांनी कमी होईल, दोन माणसांचे काम वाचेल आणि दीड वर्षात पैसे वसूल होतील, असे त्याचे म्हणणे आहे. आमचे कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचे बँकेचे कर्ज, ११ टक्क्यांचे आहे. गेल्या वर्षी ग्राहकांनी उशिरा किंवा चुकीच्या पुरवठ्यापोटी २ लाख ४० हजारांच्या डेबिट नोट लावल्या, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या बिलांतून कापली. डिस्पॅचसाठी, म्हणजे माल रवाना करण्यासाठी, महिना १८ हजारांवर एक माणूस नेमण्याचाही विचार आहे. भागीदारांत एकमत होत नाही. काय करावे? (एक उद्योजक, अंबड)

उत्तर : आपण आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे चर्चा मतांवरून हिशेबावर आणता येते. प्रथम खर्चाची बाजू पाहू. विक्रेत्याच्या कागदावर साडेआठ लाख असले, तरी आपल्या खिशातून जाणारी रक्कम ती नव्हे. मालाच्या प्रत्येक प्रकाराला एकच क्रमांक ठरवणे, एकच बोल्ट तीन नावांनी नोंदलेला असेल तर ती नावे एकत्र करणे, ड्रॉइंगच्या जुन्या-नव्या आवृत्त्या वेगळ्या करणे, ही कामे विक्रेता करत नाही. ती आपल्या स्टोअरकीपरला आणि सुपरवायझरलाच करावी लागतात. प्रत्येकी २५ हजार पगाराच्या अशा दोन माणसांचा निम्मा वेळ चार महिने त्यात गेला, तर पगाराचेच १ लाख होतात. शॉपफ्लोअरवरचे संगणक, बारकोडची साधने आणि बॅकअपची व्यवस्था यांना दीड लाख धरू. जुनी वही आणि नवी प्रणाली दोन-तीन महिने सोबत चालवावी लागेल, त्याचा ओव्हरटाइम ६० हजार धरू. ‘आमच्याकडे असे होत नाही, तेवढे बदलून द्या’ असे प्रत्येक कारखाना म्हणतो, आणि त्या बदलांचे बिल वेगळे येते. त्यासाठी दीड लाख ठेवू. सुरुवातीचाच खर्च असा १३ लाख १० हजारांवर जातो. दुसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंतची देखभाल दर वर्षी १ लाख ८ हजार, म्हणजे ४ लाख ३२ हजार. पाच वर्षांचा एकूण खर्च सुमारे साडेसतरा लाख. जीएसटी यात धरलेला नाही, कारण आपण नोंदणीकृत असल्याने त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळेल. मात्र ती रक्कम आधी भरावी लागते, हे रोख पैशांच्या नियोजनात लक्षात ठेवावे.

आता लाभ. विक्रेत्याने साठ्यातील २० टक्के कपात, म्हणजे १६ लाख रुपये, थेट लाभ म्हणून मांडली असावी. त्याशिवाय दीड वर्षाचे गणित जुळत नाही. पण हे १६ लाख आपलेच आहेत. ते मालात अडकले होते, आता मोकळे होतील, आणि तेही एकदाच. आपला खरा लाभ म्हणजे त्यावर वाचणारे व्याज : ११ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ७६ हजार. दोन माणसांचे काम वाचण्याबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ती माणसे पगारपत्रकावरून कमी होणार आहेत का? आपण त्यांना काढणार नसाल, आणि काढू नये असेच मला वाटते, तर त्या दाव्याची किंमत शून्य आहे. वाचलेला वेळ पैशात तेव्हाच उतरतो, जेव्हा त्यामुळे एखादी नेमणूक टळते, ओव्हरटाइम घटतो किंवा त्या वेळात विकता येईल असे काम होते. आपल्या बाबतीत डिस्पॅचची नेमणूक खरोखर टळत असेल तर वर्षाला २ लाख १६ हजार वाचतात, आणि हा लाभ मी पूर्ण धरतो. डेबिट नोटपैकी निम्म्या टळतील असे मानले तर आणखी १ लाख २० हजार. बेरीज वर्षाला ५ लाख १२ हजार. पहिल्या वर्षी माणसे शिकत असतात, म्हणून त्या वर्षी निम्माच लाभ धरावा.

पाच वर्षांचा लाभ असा २३ लाखांच्या घरात जातो आणि साडेसतरा लाखांच्या खर्चापुढे तो भरघोस दिसतो. परंतु पाचव्या वर्षी येणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. बँकेचा दर आणि थोडी जोखीम मिळून १२ टक्के धरून प्रत्येक वर्षाची निव्वळ रक्कम आजच्या मूल्यात आणली, तर ती बेरीज सुमारे १३ लाख २४ हजार होते. सुरुवातीचा खर्च १३ लाख १० हजार. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी हा व्यवहार जेमतेम बरोबरीत सुटतो, आणि साध्या वसुलीलाही दीड नव्हे तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो.

यापुढचा भाग भागीदारांनी एकत्र बसून करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक गृहीतक एकेक करून काढून पाहा. डिस्पॅचला तसाही माणूस नेमावाच लागणार असेल, तर हाच व्यवहार आजच्या मूल्यात साडेसहा लाखांहून अधिक तोट्याचा होतो. उलट, वेळेवर पुरवठा होऊ लागल्याने एखादा मोठा ग्राहक जास्त काम देण्यास तयार असेल आणि तसे त्याने लेखी सांगितले असेल, तर त्या कामावरील नफा, उलाढाल नव्हे, लाभात मिळवता येईल. आपल्या भागीदारांचे मतभेद ईआरपी चांगली की वाईट यावर असतील असे मला वाटत नाही. ते बहुधा अशाच एखाद्या न बोललेल्या गृहीतकावर असतील.

आणखी एक तुलना बहुतेक जण विसरतात. नव्या प्रणालीची तुलना आजच्या गोंधळाशी करायची नसते, तर दुसऱ्या सर्वांत चांगल्या पर्यायाशी करायची असते. मालाची नावे एक करणे, महागडा आणि जलद फिरणारा माल वेगळा काढून त्याची दर आठवड्याला प्रत्यक्ष मोजणी करणे, दोन वर्षे न हललेला माल विकून टाकणे, या गोष्टींना सॉफ्टवेअर लागत नाही. त्या आधी केल्यास साठ्यातील कपातीचा बराचसा भाग जवळजवळ फुकट हाती येईल. त्यानंतर प्रणालीच्या नावावर जेवढा लाभ उरतो तेवढाच तिचा. शिवाय हे काम केलेले असले की पुढे प्रणाली घेतली तरी ती लवकर रुळते, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

सक्तीचा खर्च मात्र या हिशेबात मिसळू नये. आपली उलाढाल ५ कोटींहून अधिक असल्याने १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, आपल्याला बंधनकारक आहे. आपली संस्था कंपनी असेल, तर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहील असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून वापरावे लागते. अशा ठिकाणी प्रश्न फायद्याचा नसून सर्वांत कमी खर्चात नियम कसा पाळता येईल एवढाच असतो, आणि त्याकरिता संपूर्ण ईआरपी लागत नाही. विक्रेता ‘हे सक्तीचे आहे’ म्हणून सगळा संच विकत असेल तर नियमाला लागणारा भाग वेगळा काढून त्याची किंमत विचारावी. आयकरात संगणक आणि सॉफ्टवेअरवर ४० टक्के, तर सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. या सवलतीमुळे खर्चाची धार थोडी कमी होते. पण मार्च संपत आला म्हणून घसाऱ्यासाठी घाईने खरेदी करणे मला पटत नाही.

घेण्याचे ठरलेच तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे सुरू करण्याची वेळ. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून उभारलेली प्रणाली १९९९ च्या जुलैमध्ये, हॅलोविनच्या सणाच्या मागण्या येऊ लागल्या असताना, सुरू केली. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेत पुऱ्या करता आल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. आपल्या ग्राहकांचे वेळापत्रक ज्या महिन्यांत सर्वांत घट्ट असते ते महिने टाळावेत. दुसरी गोष्ट कराराची. सगळी रक्कम आगाऊ न देता एक हप्ता प्रणालीतला साठा आणि गोदामातली प्रत्यक्ष मोजणी जुळल्यावर, आणि शेवटचा मोठा हप्ता तीन महिने नीट चालल्यावर द्यावा. उद्या प्रणाली सोडायची झाली तर आपली सगळी माहिती एक्सेलमध्ये, विनाशुल्क परत मिळेल हे कलम करारात असलेच पाहिजे.

माझे मत विचाराल तर आत्ता पूर्ण प्रणाली घेऊ नये. चार महिने नावे आणि साठा स्वच्छ करावा, मग फक्त साठा आणि खरेदी यांचा भाग घ्यावा आणि उत्पादन-नियोजनाचा निर्णय वर्षभराने, स्वतःच्या आकड्यांवर घ्यावा.

प्रश्न : पंचवटीत आमचे २२ खोल्यांचे लॉज आहे. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी ऑनलाइन बुकिंगची प्रणाली, कार्डावर उघडणारी कुलुपे आणि कॅमेरे बसवण्यासाठी ७ लाखांचा अंदाज मिळाला आहे. कुंभातल्या एका महिन्यात हे पैसे निघतील असे सगळे म्हणतात. हे योग्य आहे का? (एक लॉजचालक, पंचवटी)

उत्तर : सिंहस्थात आपल्याला चांगले उत्पन्न होईल यात शंका नाही, पण ते उत्पन्न या तंत्रज्ञानाचे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. स्नानाच्या पर्वणीला रामकुंडाजवळची खोली कोणत्याही कुलपासह भरणार आहे, आणि बुकिंगची प्रणाली आणल्याने २२ च्या २३ खोल्या होत नाहीत. एखाद्या गुंतवणुकीचा लाभ म्हणजे ती केल्यावर आणि न केल्यावर हाती येणाऱ्या रकमेतला फरक. कुंभाच्या गर्दीत हा फरक फार लहान असतो. मागचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला, २०२७ नंतरचा आणखी बारा वर्षांनी येईल, आणि कुलपे व कॅमेरे तोपर्यंत टिकणार नाहीत. म्हणून हिशेब कुंभ वगळून, सामान्य वर्षावर करावा : श्रावण आणि सुट्यांचे दिवस सोडले तर आठवड्यातल्या मधल्या वारी किती खोल्या रिकाम्या राहतात, आणि प्रणालीमुळे त्यातल्या किती भरतील?

एक उदाहरण घेऊ. वर्षात ६०० मुक्काम सरासरी १,५०० रुपये दराने बाहेरच्या बुकिंग संकेतस्थळांवरून येत असतील आणि त्यावर १८ टक्के कमिशन जात असेल, तर ते १ लाख ६२ हजार होते. स्वतःच्या प्रणालीमुळे त्यातले एक चतुर्थांश ग्राहक थेट आले, तर वाचतील ४० हजार ५०० रुपये. तेवढ्यासाठी ७ लाख घालणे शहाणपणाचे नाही. एकच खोली दोघांना दिली गेल्याने होणारी भांडणे टळतात, हा फायदा खरा आहे. पण तो महिन्याच्या वर्गणीवर मिळणाऱ्या साध्या सेवेतूनही मिळतो, आणि नको झाल्यास ती बंद करता येते.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यासोबत इनपुट क्रेडिट मिळत नाही. अंबडच्या उद्योजकांना खरेदीवरचा कर परत मिळतो, आपल्याला तो मिळणार नाही. अंदाजपत्रकातील ७ लाखांत कर धरलेला नसेल तर १८ टक्क्यांनी ही रक्कम ८ लाख २६ हजार होईल, आणि ती सगळी आपला खर्चच आहे.

कॅमेऱ्यांचा विचार मी वेगळा करतो. गर्दीच्या काळात यात्रेकरूंच्या आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ते लागतातच, म्हणून जिना, प्रवेशद्वार आणि नोंदणीच्या जागी ते जरूर लावावेत. कार्डाच्या कुलपांना मात्र आत्ता थांबवावे. कुंभातून हाती येणाऱ्या पैशाला स्नानगृहांची दुरुस्ती आणि सौर गरम पाण्याची सोय असे काम द्यावे, ज्यामुळे विजेचे बिल दर महिन्याला कमी होते आणि पाहुणा पुन्हा येतो.

प्रश्न : निफाड तालुक्यात आम्ही चार द्राक्षबागायतदार मिळून ४० एकर पाहतो. हवामान केंद्र आणि रोगाचा अंदाज देणारी सेवा घ्यावी असा विचार आहे. यंत्र ७० हजार, आणि दुसऱ्या वर्षापासून वार्षिक १५ हजार. पण ज्या वर्षी पाऊस नसतो त्या वर्षी हे पैसे वाया जाणार नाहीत का? (द्राक्षबागायतदार, निफाड)

उत्तर : पाच वर्षांचा खर्च १ लाख ३० हजार, ४० एकरांवर विभागला तर एकरी वर्षाला ६५० रुपये. आता स्वतःच्या वहीत पाहा : ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी जी फवारणी होते, त्यातल्या एका फवारणीचा औषध, डिझेल आणि मजुरी मिळून एकरी खर्च किती येतो? तो बहुधा ६५० पेक्षा जास्त असेल. म्हणजे वर्षाला एक अनावश्यक फवारणी टळली तरी यंत्राचे पैसे निघतात. निर्यातीच्या बागांना याचे मोल अधिक आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेची ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर नोंद होते आणि औषधांच्या अंशाची तपासणी होते. तिथे एक फवारणी कमी होणे म्हणजे नुसती औषधाची बचत नसते, माल नाकारला जाण्याची शक्यताही कमी होते.

कोरड्या वर्षाबद्दलची आपली शंका रास्त आहे. अशा गुंतवणुकीचा लाभ दर वर्षी सारखा येत नाही. काही हंगाम काहीच हाती लागत नाही, आणि फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा व अवकाळी पाऊस आला की एका आठवड्यातल्या योग्य निर्णयावर अख्खी बाग वाचते. म्हणून एका हंगामावरून निकाल देऊ नये. मागच्या पाच-सहा हंगामांत रोगामुळे किती माल गेला ते आठवून त्याची सरासरी काढावी आणि त्यातला थोडाच भाग यंत्रामुळे टळेल असे धरावे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. केंद्र एका बागेत असणार, आणि बाकीच्या बागा तीन-चार किलोमीटरवर, खोलगट किंवा नदीकाठच्या जमिनीत असतील तर तिथला पानांवरचा ओलावा वेगळा असतो. आणि ‘आज फवारणीची गरज नाही’ असा संदेश आल्यावर आपण चौघे खरोखर थांबाल का? शेजारची बाग फवारली जात असताना थांबायला मोठे धैर्य लागते. थांबणार नसाल तर यंत्र घेऊन केवळ खर्च वाढेल. पहिल्या हंगामात केंद्राजवळचे दोन-तीन एकर संदेशाप्रमाणे आणि तेवढेच शेजारचे नेहमीप्रमाणे चालवावेत, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि खर्च लिहून ठेवावा, आणि मालाची प्रत वेगळी मोजावी. उरलेल्या क्षेत्राबद्दल चौघांनी त्या वहीवरून ठरवावे.

प्रश्न : शरणपूर रोडवर आमचे सहा जणांचे कर-सल्ल्याचे कार्यालय आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक साधन माणशी महिना २,००० रुपयांना मिळते. प्रत्येकाचा रोज एक तास वाचेल असे सांगतात. घ्यावे का? (एक कर-सल्लागार)

उत्तर : वर्षाचा खर्च १ लाख ४४ हजार. वाचलेला तास कुठे जाणार हे आधी लिहून काढावे. विवरणपत्रांच्या गर्दीत त्या तासात जास्तीचे अशील घेता येत असतील तर लाभ खरा आहे. एरवी संध्याकाळी सहाऐवजी पाचला काम संपले तर ती चांगली गोष्ट आहे, पण त्यातून १ लाख ४४ हजार निघणार नाहीत. साधनाने लिहिलेले प्रत्येक कलम आणि प्रत्येक आकडा तपासायला लागणारा वेळ त्या तासातून वजा करावा, कारण चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते. अशिलांचे पॅन, बँकेची विवरणे अशी माहिती त्यात टाकण्यापूर्वी ती कुठे साठते आणि कोण पाहू शकते हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे; वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि अशिलांचा विश्वास तर त्याही आधीचा आहे. सुरुवातीला फक्त दोन जणांसाठी, मासिक वर्गणीवर घ्यावे, त्यातला एक महिना तरी विवरणपत्रांच्या गर्दीचा असावा, आणि वर्षभराची रक्कम एकदम भरल्यास मिळणारी सवलत तोपर्यंत नाकारावी.